टॅरँटुला पाळणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी

"घरात कुठला प्राणी आहे का?" सर्दी हटत नाही, दम लागतो, अंगावर पित्त उठते, डोळे लाल होतात अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रश्न विचारतो. पूर्वी उत्तरे ठरलेली असत. कुत्रा, मांजर, पोपट, फार तर माशांची टाकी. मग त्यात कासवे आली, इग्वाना आले. आणि आता कधीमधी, बरोबर आलेल्या आईवडिलांकडे एकदा बघून, आवाज खाली आणून दिलेले एक उत्तर येते : "कोळी आहे, सर. मोठा. टॅरँटुला."

तळहाताएवढा केसाळ कोळी काचेच्या पेटीत पाळणे हा युरोप-अमेरिकेत बराच जुना छंद आहे. आपल्याकडच्या शहरांतही तो आता रुजतो आहे. मला विचारले जाते की डॉक्टर, हे सुरक्षित आहे का? मी हो किंवा नाही असे एका शब्दात सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. एखाद्या जाणत्या माणसाने कायदेशीर मार्गाने मिळालेला, शांत स्वभावाचा एखादा टॅरँटुला पाळला तर डॉक्टर म्हणून माझी फारशी हरकत नाही. पण दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांची पैदास करायला माझा स्पष्ट विरोध आहे. आपल्याच जंगलातले झाडावरचे टॅरँटुला घरात ठेवायलाही आहे. आणि हा विरोध तुम्हाला वाटतो त्या कारणासाठी, म्हणजे विषाने कोणी मरेल म्हणून, नाही.

मुळात विष किती?

टॅरँटुला हे नावच अफवेतून आले आहे. इटलीच्या दक्षिणेला तारांतो नावाचे शहर आहे. तिथल्या शेतात एक कोळी चावतो आणि चावलेल्या माणसाने घाम निघेपर्यंत नाचले तरच तो वाचतो, अशी शेकडो वर्षांची समजूत होती. 'तारांतेला' हा तिथला नाच या समजुतीशी जोडला जातो. गंमत म्हणजे तो कोळी वेगळ्याच कुळातला होता. पुढे युरोपीय लोकांना अमेरिकेत मोठे केसाळ कोळी दिसले आणि त्यांना हेच नाव चिकटले.

आज या कुळात हजाराहून अधिक जाती माहीत आहेत. सगळ्यांना विष असते, कारण ते त्यांचे शिकारीचे हत्यार आहे. पण टॅरँटुलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद वैद्यकीय साहित्यात नाही. बहुतेक जातींचा दंश गांधीलमाशीच्या दंशासारखा : दुखते, सूज येते, एक-दोन दिवसांत उतरते.

मग बातम्या येतात त्या कशाच्या? २०१२ मध्ये आसाममधल्या सदिया भागात कोळ्यांच्या झुंडीने गावावर हल्ला केल्याची आणि दोघांचा मृत्यू झाल्याची बातमी देशभर गाजली. ते दोघे आधी ओझाकडे, म्हणजे मांत्रिकाकडे गेले होते आणि तिथे जखमेवर ब्लेडने काप देऊन रक्त काढले होते, हे त्याच बातम्यांत खाली लिहिलेले होते. शवविच्छेदन झालेच नाही. मृत्यू विषाने झाला की त्या ब्लेडने, हे कधी सिद्ध झाले नाही.

माझ्या ओपीडीत तर "रात्री अंगावरून कोळी फिरला" म्हणून येणाऱ्यांत कोळ्याचा संबंध क्वचितच निघतो. एका बाजूने पट्ट्यासारखे फोड आले असतील तर ती नागीण असते. सकाळी उठल्यावर मानेवर चटका बसल्यासारखा लाल ओरखडा असेल तर पावसाळ्यात दिव्याकडे येणारा एक छोटा किडा चिरडलेला असतो. उरलेल्यांत साधे गळू. बिचारा कोळी कुठेच नसतो, पण नाव त्याचे.

खरा त्रास केसांचा

टॅरँटुलांचे डॉक्टरच्या दृष्टीने दोन गट पडतात, आणि पाळणाऱ्याला हा फरक पाठ हवा. उत्तर व दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक जातींच्या पोटाच्या वरच्या बाजूला असंख्य बारीक कुसळे असतात. धोका वाटला की कोळी मागच्या पायांनी पोट घासतो आणि ही कुसळे हवेत उडवतो. लहानपणी ज्यांनी खाजकुयलीची शेंग हाताळली आहे किंवा शेवग्यावरच्या सुरवंटाला चुकून हात लावला आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. आशिया आणि आफ्रिकेतल्या जातींना ही कुसळे नसतात. त्या पळण्यात चपळ, चावायला तयार आणि विषाने जास्त जहाल असतात.

छंद सुरू करणारे बहुतेक जण अमेरिकन जाती घेतात, कारण त्या सहसा चावत नाहीत म्हणून. हे खरे आहे. पण कुसळाला टोकाशी उलटे काटे असतात. ते त्वचेत रुतते आणि खाज, पुरळ काही दिवस, कधी काही आठवडे टिकते. नाकात गेले तर शिंका आणि सर्दी. आणि डोळ्यात गेले तर मात्र ती साधी गोष्ट राहत नाही.

२००९ मधले इंग्लंडमधल्या लीड्स शहरातले उदाहरण नेत्रतज्ज्ञांत प्रसिद्ध आहे. २९ वर्षांच्या एका तरुणाचा डोळा तीन आठवडे लाल, पाणावलेला, उजेड सहन न होणारा. डोळे आले समजून अँटिबायोटिक थेंब दिले गेले, फरक पडला नाही. मोठ्या रुग्णालयात भिंगाच्या यंत्राखाली बघितले तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात केसासारखे बारीक तंतू रुतलेले. त्या वेळी त्याला आठवले की तीन आठवड्यांपूर्वी तो आपल्या चिली देशातल्या टॅरँटुलाच्या पेटीची काच घासत होता. मागे हालचाल जाणवली म्हणून त्याने मान वळवली आणि कुसळांचा फवारा तोंडावर आला. ती कुसळे इतकी बारीक होती की चिमट्याने निघेनात. स्टेरॉइडचे थेंब देऊन दाह आटोक्यात आणावा लागला. 'लॅन्सेट' या नियतकालिकात ही केस छापून आली.

यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की कोळी पाळणाऱ्यालाच डोळ्याचा आणि कोळ्याचा संबंध सुचला नव्हता. आपल्याकडे तर सुचला तरी तो सांगितला जात नाही. घरचे ओरडतील, सोसायटीत कळेल, डॉक्टर पोलिसांना सांगतील, अशी भीती असते. तुमच्या घरी कोणता प्राणी आहे हे सांगत बसणे आमचे काम नाही. पण माहिती नसेल तर कोणताही डॉक्टर लाल डोळ्याला आधी 'डोळे आले' असेच म्हणणार, कारण शंभरातल्या नव्याण्णवांना तेच असते. आणि मेडिकल दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणून घालणे हे त्याहून वाईट, कारण डोळ्यात काही प्रकारचा जंतुसंसर्ग असेल तर त्याच थेंबांनी बुबुळावरची जखम वाढते. कुसळ गेल्याची शंका असेल तर डोळा चोळायचा नाही, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन 'टॅरँटुलाचे केस गेले असावेत' हे शब्द स्पष्ट उच्चारायचे. त्वचेवर असेल तर चिकटपट्टी लावून अलगद उचलायची, दोन-चार वेळा, मग साबण-पाणी. खाजवले तर कुसळे आणखी आत जातात.

पैदास करण्याला माझा विरोध का

मध्यंतरी एक पन्नाशीच्या बाई आल्या. दोन्ही हातांना कोपरापर्यंत आणि गळ्याला खाज, बारीक पुरळ, दीड-दोन महिने. आधी दोन ठिकाणी खरजेचे औषध झाले होते. घरातल्या सगळ्यांनी अंगभर मलम लावले, चादरी उकळल्या, तरी फरक नाही. खरूज असती तर घरात आणखी कोणाला तरी असती, बोटांच्या बेचक्यांत असती. इथे फक्त उघड्या अंगाला. मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे काही नाही हो, मुलाचे ते कोळी आहेत तेवढे." तेवढे म्हणजे किती? मुलाला फोन लावला. मोठे अकरा आणि पिल्ले दोनशेच्या वर. त्याच्या खोलीचा केर रोज आईच काढत होती. अंगाबाहेर पडलेली कातही त्याच केरात जात होती, आणि टाकलेल्या कातीवरही कुसळे तशीच असतात.

मुलगा वाईट नव्हता. त्याने कोळ्यांवर इतके वाचले होते की मी पुढचा अर्धा तास त्याच्याकडून शिकलो. पण त्याने स्वतःसाठी हातमोजे आणि चष्मा ठेवला होता, आईला मात्र काही सांगितले नव्हते. पैदास थांबवली, खोली त्याने स्वतः ओल्या फडक्याने पुसायला घेतली, आणि औषधांपेक्षा त्यानेच बाईंची खाज पाच-सहा आठवड्यांत गेली.

एक कोळी पाळणे आणि पैदास करणे यात फरक किती आहे तो आता बघा. नर वयात आला की त्याचे आयुष्य थोडेच उरते, बहुधा काही महिने. मादी मात्र काही जातींत वीस वर्षांहून अधिक जगते. नराला मादीच्या पेटीत सोडायचे, तिने त्याला खाऊ नये म्हणून लक्ष ठेवायचे, मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मादी रेशमी कोष विणते. जातीनुसार कोषातून पन्नास-शंभर पिल्ले निघतात, काहींत पाचशे, ब्राझीलमधल्या एका लोकप्रिय जातीत तर हजाराच्या वर. पिल्ले एकमेकांना खातात म्हणून बहुतेक जातींत प्रत्येकाला वेगळी डबी लागते. आणि काही अमेरिकन जातींच्या माद्या अंडी वाचवण्यासाठी आपली कुसळेच कोषात विणतात. असा कोष हाताने उघडणारा माणूस म्हणजे खाजकुयलीची उशी फाडणारा माणूस. कुसळांशी वारंवार संबंध आला की काहींच्या शरीराची प्रतिक्रिया सौम्य होण्याऐवजी वाढत जाते, हेही लक्षात घ्या.

याहून मोठी गोष्ट खाद्याची. एका मोठ्या टॅरँटुलाला आठवड्याला एखादा किडा पुरतो, कधी तो महिनाभर उपाशीही राहतो. दोनशे पिल्लांना तसे चालत नाही. मग घरातच झुरळे आणि रातकिडे वाढवले जातात, डबेच्या डबे. झुरळांच्या विष्ठेतले आणि अंगाच्या भुग्यातले घटक हे दम्याच्या जगभर ओळखल्या गेलेल्या कारणांपैकी एक आहे. शहरातल्या लहान मुलांच्या दम्यात तर फार महत्त्वाचे. आम्ही दम्याच्या रुग्णाला सांगतो की घरातली झुरळे घालवा, आणि शेजारच्या खोलीत कोणी ती हौसेने वाढवत असेल तर इनहेलरने किती लढायचे? माझ्या मते टॅरँटुलाच्या छंदात आरोग्याला सर्वांत मोठा धोका कोळ्याचा नाहीच, त्याच्या जेवणाचा आहे. घरात दमेकरी, तान्हे मूल किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले आजोबा असतील तर मी यावर चर्चा करत नाही, सरळ नको म्हणतो.

आणि ज्याने छंद निवडला तो एक, त्रास सोसणारे बाकीचे. मांजर सगळ्यांना दिसते, आजीला शिंका आल्या तर ती म्हणू शकते की मांजर नको. बंद खोलीतल्या डब्यांबद्दल ती काय म्हणणार?

आपल्याकडचे झाडावरचे कोळी

आशियाई जातींबद्दल वर ओझरते म्हटले. त्यांतला पोसिलोथेरिया हा गट फक्त भारतात आणि श्रीलंकेत सापडतो. यांच्या अंगावर सुंदर नक्षी असते, ते झाडांच्या ढोलीत राहतात. आपल्या सह्याद्रीतही यातली जात आहे. सर्वांत देखणी जात निळ्या धातूसारखी चमकते. १८९९ मध्ये आंध्रातल्या गुत्ती रेल्वे स्थानकाच्या लाकडांच्या वखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून तिचे वर्णन केले गेले. त्यानंतर शंभर वर्षे ती कोणाला दिसली नाही. २००१ मध्ये आंध्रातल्याच जंगलाच्या एका लहानशा पट्ट्यात पुन्हा सापडली. आज ती नष्ट होण्याच्या अगदी काठावरच्या प्राण्यांत मोजली जाते, आणि तरी परदेशातल्या छंदिष्टांच्या काचपेट्यांत मात्र ती सर्रास आहे.

डॉक्टर म्हणून मला या गटाची वेगळी धास्ती आहे. यांच्या नोंदवलेल्या दंशांत निम्म्याहून अधिक लोकांना स्नायूंत तीव्र पेटके आले. फसवणारी गोष्ट अशी की हे पेटके लगेच येतात असे नाही. दंशानंतर बऱ्याच तासांनी, कधी दुखणे थांबल्यावर येतात, आणि काहींना आठवडाभर किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा येत राहतात. पोटरी, मांडी, पाठ, कधी छाती. छातीत कळ घेऊन आलेल्या माणसाने चार दिवसांपूर्वीचा दंश सांगितला नाही तर आम्ही हृदयाच्या तपासण्या करत बसणार. त्या कराव्यातच, पण कारण हाती लागणार नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. २०१९ पासून हा संपूर्ण गट साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. मेक्सिकोतले लाल गुडघ्यांचे लोकप्रिय टॅरँटुला तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या यादीतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, जन्म-मृत्यूही कळवावे लागतात. टपालाने आलेली पिल्ले म्हणजे गंमत नाही. जुलै २०२१ मध्ये चेन्नई विमानतळावर पोलंडहून आलेल्या एका पार्सलमध्ये छोट्या कुप्यांत भरलेले १०७ जिवंत कोळी कस्टमने पकडले होते.

चावलाच तर

साबण-पाण्याने धुवा. फडक्यात गुंडाळून बर्फ लावा. हात किंवा पाय थोडा उंच ठेवा, अंगठी-बांगडी काढा, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्या. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले नसेल तर घ्या. कापायचे नाही, चोखायचे नाही, दोरी बांधायची नाही. टॅरँटुलाच्या विषावर प्रतिविष उपलब्ध नाही. आपल्याकडे मिळणारे सर्पविषावरचे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असते. "तेच टोचा" असा आग्रह कोणी धरू नये. त्याचा इथे उपयोग शून्य, आणि त्याची स्वतःची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते. ओठ-जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला, चक्कर आली तर ती अ‍ॅलर्जी आहे, तासाभराचीही वाट न पाहता रुग्णालय गाठा. पेटके आले तरी या. ते शमवण्याची औषधे आमच्याकडे आहेत. येताना कोळ्याचा फोटो आणि शास्त्रीय नाव आणा, कोळी आणू नका.

घरात कुत्रा असेल तर आणखी एक. ऑस्ट्रेलियातल्या टॅरँटुला दंशांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चावलेल्या नऊ माणसांना किरकोळ त्रास झाला, पण चावलेले सातही कुत्रे मेले. त्या जाती ऑस्ट्रेलियाच्या होत्या हे खरे, पण काचपेटीचे झाकण सैल ठेवणाऱ्याने हे वाचलेले बरे.

आईवडिलांना सांगायचे ते वेगळे. मुलाच्या खोलीत टॅरँटुला सापडला तर स्प्रे मारू नका, आणि खिडकीतून सोसायटीच्या बागेत फेकू नका. कोळी उलटा, पाय वर करून पडलेला दिसला तर तो मेलाच असे नाही, बहुधा कात टाकत असतो. त्या वेळी हातही लावू नका. मुलाला कोळी हातावर घेऊन फिरवायला मात्र ठाम बंदी करा. तो दोन-तीन फुटांवरून पडला तरी त्याचे पोट फुटते, आणि घाबरला की चावतो किंवा कुसळे उडवतो. एकदा ओरडून घेतलेत तर पुढच्या वेळी तो डब्या मित्राच्या घरी ठेवेल, आणि डोळा लाल झाला तर तुम्हालाही सांगणार नाही. त्यापेक्षा जातीचे नाव विचारा, ते कागदावर लिहून फ्रीजवर लावा, पेटीला कुलूप करा, खोली त्यालाच साफ करू द्या. नको झालेला कोळी रानात सोडायचा नाही, विशेषतः परदेशी असेल तर. वनविभागाशी बोला. आणि घरात कोणाला दमा असेल तर झुरळांचा डबा त्याच दिवशी बाहेर.